अलेक्झांड्रियात काय पाहावे?

'प्रेक्षणीय स्थळे' हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणे करतो की त्यात दडलेली सक्ती लक्षात येत नाही. संस्कृतातला 'अनीय' हा प्रत्यय योग्यता दाखवतो तसेच कर्तव्यही दाखवतो. प्रेक्षणीय म्हणजे पाहण्याजोगे, आणि पाहिलेच पाहिजे असेही. पर्यटन-कंपन्यांच्या माहितीपत्रकांनी यातला दुसरा अर्थ उचलला आणि पहिला सोडून दिला. स्थळ पाहण्याजोगे आहे की नाही याचा निर्णय आधीच झालेला असतो. प्रवाशाने फक्त तिथे जाऊन यादीवर खूण करायची.

भूमध्य समुद्राच्या काठावरचे अलेक्झांड्रिया हे शहर अशा यादीच्या दृष्टीने मोठे अडचणीचे आहे. वास्तविक ऊन, वारा, निळे पाणी, मैलोगणती पसरलेला समुद्रकाठचा रस्ता हे सारे तिथे आहे, आणि कैरोचा उकाडा असह्य झाला की इजिप्शियन कुटुंबेच्या कुटुंबे उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला येतात. पण कैरोहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या परदेशी प्रवाशाच्या हाती जी यादी असते ती जरा चमत्कारिकच आहे. तिच्यात 'पाँपीचा स्तंभ' असतो, ज्याचा पाँपीशी काही संबंध नाही. कायतबेचा किल्ला असतो. तो अशासाठी पाहायचा की त्या जागी एकेकाळी जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेला दीपस्तंभ होता. २००२ साली उघडलेले भव्य ग्रंथालय असते. ते अशासाठी की जुने ग्रंथालय उरलेले नाही. ज्या राजाच्या नावाने शहर वसले त्या अलेक्झांडरची कबर यादीत येऊच शकत नाही, कारण ती अद्याप सापडलेली नाही. 'क्लिओपात्राच्या सुया' म्हणून प्रसिद्ध असलेले दोन शिलास्तंभ पाहायचे तर एकासाठी लंडनला आणि दुसऱ्यासाठी न्यूयॉर्कला जायला हवे. पहिला १८७८ मध्ये तिथे उभा राहिला, दुसरा १८८१ मध्ये. (ते क्लिओपात्राचेही नव्हेत; तिच्या चौदाशे वर्षे आधीच्या तिसऱ्या थुटमोसचे आहेत.) थोडक्यात, या शहरातले जवळपास प्रत्येक प्रेक्षणीय स्थळ दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभे आहे.

अशा शहराची मार्गदर्शिका लिहायची म्हणजे काय करायचे? हा प्रश्न ई. एम. फॉर्स्टरला पडला होता आणि त्याने त्याचे जे उत्तर दिले ते मला वाङ्मयीनदृष्ट्या महत्त्वाचे वाटते. त्याच्या कादंबऱ्यांच्या गर्दीत 'अलेक्झांड्रिया: अ हिस्टरी अँड अ गाइड' या १९२२ च्या पुस्तकाकडे आपल्याकडे फारसे कुणी पाहिलेले नाही. प्रवाशांसाठी लिहिलेले किरकोळ पुस्तक अशी त्याची बोळवण होते. मला ते फॉर्स्टरच्या उत्तम पुस्तकांपैकी एक वाटते. त्याच वेळी, या पुस्तकाच्या आधाराने अलेक्झांड्रिया पाहणाऱ्या आपल्यासारख्या साहित्यप्रेमींची नजर बसमधून उतरणाऱ्या पर्यटकाच्या नजरेपेक्षा फारशी निराळी नसते, असेही मला म्हणायचे आहे. ही दोन्ही विधाने एकदम खरी कशी, हे सांगण्यासाठी हा लेख.

फॉर्स्टर १९१५ च्या नोव्हेंबरात रेड क्रॉसच्या कामासाठी अलेक्झांड्रियाला आला आणि १९१९ च्या जानेवारीपर्यंत तिथे राहिला. इस्पितळांतल्या जखमी सैनिकांना भेटून, त्यांच्या तुकडीतल्या बेपत्ता सैनिकांना शेवटचे कुणी पाहिले, कुठे पाहिले याची चौकशी करणे हे त्याचे काम होते. नाहीशा झालेल्या माणसांचा माग काढणाऱ्या माणसाने फावल्या वेळात नाहीशा झालेल्या इमारतींचा माग काढावा, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देणे मला जमत नाही. याच शहरात मुहम्मद अल्-अद्ल या ट्राम-कंडक्टरवर त्याचे प्रेम जडले. मार्गदर्शिकेत या तरुणाचा उल्लेख नाही. पण पुस्तकातल्या अनेक फेऱ्या ट्रामच्या मार्गांनी आखलेल्या आहेत. अल्-अद्ल १९२२ मध्ये क्षयाने वारला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुस्तक बाहेर आले. पुढच्या वर्षी आलेले 'फॅरोस अँड फॅरिलॉन' हे अलेक्झांड्रियाविषयीचेच दुसरे पुस्तक फॉर्स्टरने 'हर्मीस सायकोपाँपोस' याला, म्हणजे मृतात्म्यांना वाट दाखवणाऱ्या देवाला, अर्पण केले आहे. वाटाड्या असा हा देव. अर्पणपत्रिकेतला संकेत ज्यांना कळायचा त्यांना कळला असेल.

पुस्तकाची रचना साधी आहे. पूर्वार्धात इतिहास, उत्तरार्धात स्थलदर्शन. पण दोन्ही भाग एकमेकांना बारीक टाक्यांनी शिवलेले आहेत. इतिहास वाचताना मध्येच पृष्ठांक येतो आणि सांगतो की ही घटना जिथे घडली ती जागा उत्तरार्धात अमुक पानावर आहे. स्थलदर्शनात एखाद्या कोपऱ्यावर उभे राहिलो की पृष्ठांक आपल्याला मागे इतिहासात पाठवतो. इथली स्थळे स्वतःहून फारशी मनोवेधक नाहीत, भूतकाळाच्या वाटेने गेले तरच ती मोह घालतात, असे फॉर्स्टर प्रस्तावनेतच सांगून टाकतो. मार्गदर्शिकेच्या लेखकाने अशी कबुली द्यावी हेच मुळात धाडसाचे. वर तो असेही सुचवतो की हे शहर पाहण्याचा उत्तम मार्ग म्हणजे निरुद्देश भटकणे! दोन भागांच्या बरोबर मध्ये, जणू बिजागरीसारखी, त्याने काव्हाफीची एक कविता इंग्रजी अनुवादात ठेवली आहे. काव्हाफीचे नावही तेव्हा इंग्लंडात फारसे कुणाला माहीत नव्हते. १९१९ मध्ये फॉर्स्टरनेच एका लेखातून ते तिथे पोचवले होते.

पुस्तकाचे नशीबही विषयाला शोभेसे निघाले. प्रकाशकांनी लेखकाला कळवले की गोदामाला आग लागून प्रती जळाल्या. विम्याचे पैसे मिळाले असून त्यातला त्याचा वाटा पाठवत आहोत. पुढे कळवले की तळघरात प्रती सुखरूप सापडल्या. पण विम्याची रक्कम तर घेतलेली, मग करायचे काय? त्यांनी त्या प्रती मुद्दाम जाळल्या. अलेक्झांड्रियाविषयीचे पुस्तक अलेक्झांड्रियातच जळाले, तेही हिशेब जुळावा म्हणून. हा किस्सा फॉर्स्टरने १९६१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितला आहे.

आता या रचनेकडे मराठी वाचक म्हणून पाहिले की एक गोष्ट चटकन ध्यानात यावी. असे पुस्तक आपल्याकडे सहाशे वर्षांपूर्वीच लिहिले गेले आहे. महानुभाव पंथातली 'स्थानपोथी' ही ती रचना. चौदाव्या शतकातल्या या गद्यग्रंथाचे श्रेय परंपरेने मुनिव्यास कोठी यांना दिले जाते आणि वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे तो आपल्याला सहज वाचता येतो. चक्रधरस्वामी कोणत्या गावी उतरले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, त्याचे दार कुठे उघडते, चौकात कोणती देवता कोणत्या बाजूला, स्वामींचे आसन नेमके कुठे होते, हे स्थानपोथी विलक्षण काटेकोरपणे नोंदवते. तिथे घडले काय, ते मात्र ती फारसे सांगत नाही. ते 'लीळाचरित्रा'त आहे. एकात लीळा, दुसरीत स्थाने. एक नसेल तर दुसरी पांगळी. फॉर्स्टरने एका बांधणीत पूर्वार्ध आणि उत्तरार्ध केले, महानुभावांनी त्याचे दोन ग्रंथ केले, एवढाच रचनेतला फरक.

तेराव्या शतकातली ती देवळे पुढे पडली, बदलली, काही नामशेष झाली. यादवकालीन महाराष्ट्रातल्या देवळांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना स्थानपोथी उपयोगी पडते ती त्यामुळेच. श्रद्धाळूंनी मात्र त्या जागी ओटे बांधले. पाहायला गेले तर तिथे एक ओटा असतो आणि दुसरे काही नसते. नमस्कार करणाऱ्याला त्याची अडचण होत नाही, कारण त्याच्यासाठी ती जागा दिसण्यामुळे मोलाची झालेलीच नाही. तिथे काहीतरी घडले, आणि ते त्याने आधी ऐकलेले आहे. 'प्रेक्षणीय' ऐवजी 'श्रवणीय' म्हणावे अशी ही स्थळे. फॉर्स्टर भाविक नव्हता. पण जागेचे मोल तिच्या रूपात नसून तिच्या कथेत असते, ही त्याच्या पुस्तकामागची धारणा आपल्या स्थलमाहात्म्यांच्या परंपरेला जितकी जवळची आहे तितकी ती त्याच्या काळातल्या युरोपीय मार्गदर्शिकांना नाही. ही धारणा त्याने इथून उचलली असे सुचवण्याचा माझा मुळीच इरादा नाही. पुस्तकाचे बरेचसे काम आधीच झालेले होते. तरी पुस्तक बाहेर येण्याच्या आदल्या वर्षी, १९२१ मध्ये, हा गृहस्थ देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खासगी सचिव म्हणून एका मराठी दरबारात वावरत होता आणि तिथला गोकुळअष्टमीचा उत्सव अवाक होऊन पाहत होता, ही गोष्ट मला गमतीची वाटते. परतीच्या प्रवासात तो इजिप्तला थांबला तो आजारी अल्-अद्लला शेवटचे भेटण्यासाठी.

फॉर्स्टरची पद्धत प्रत्यक्षात कशी लागू पडते हे पाहायचे तर कायतबेच्या किल्ल्याकडे जावे. नुसते पाहिले तर तो समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकावरचा पिवळसर दगडांचा, नेटका, डागडुजी केलेला किल्ला आहे. बाहेर आइस्क्रीमवाले आणि शंखशिंपल्यांची दुकाने. ममलुक सुलतान कायतबे याने तो १४७७ मध्ये बांधायला घेतला. त्याआधी जवळजवळ सोळा शतके तिथे दीपस्तंभ उभा होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात तो बांधला गेला. तळाचा मजला चौकोनी, मधला अष्टकोनी, वरचा गोल, आणि उंची शंभर मीटरहून अधिक. भूकंपांनी तो हळूहळू खचवला. इब्न बतूता १३२६ मध्ये तिथे आला तेव्हा त्याची एक बाजू पडलेली होती. १३४९ मध्ये पुन्हा आला तेव्हा दारापर्यंत पोचणेही शक्य नव्हते. ज्या बेटावर तो उभा होता त्याचे नाव फॅरोस. इमारत गेली, पण ते नाव फ्रेंचमध्ये 'फार' आणि इटालियनमध्ये 'फारो' होऊन दीपस्तंभाचे सामान्यनामच झाले. आपल्याकडे 'मिनार' म्हणून आलेल्या अरबी शब्दाचा मूळ अर्थही प्रकाशाची जागा, दीपस्तंभ असाच आहे. हे सारे डोक्यात असले की किल्ल्याच्या भिंतीत बसवलेले तांबूस ग्रॅनाइटचे तुकडे वेगळे दिसू लागतात. नसले तर तो फक्त किल्ला.

ही कथा इथे संपत नाही. किल्ल्याला लाटांचा मार बसू नये म्हणून १९९३ मध्ये समोरच्या समुद्रात काँक्रीटचे ठोकळे टाकले गेले, आणि ज्या जागी ते पडत होते तिथेच तळाशी प्राचीन दगड आहेत हे लक्षात येऊन ओरड झाली. मग १९९४ पासून झाँ-इव्ह आंपरर या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाच्या नेतृत्वाखाली पाण्याखालचे उत्खनन सुरू झाले. स्फिंक्स, स्तंभ, पुतळे आणि दीपस्तंभाचे म्हणून ओळखले गेलेले प्रचंड शिलाखंड सापडले. २०२५ च्या जुलैमध्ये त्यातले बावीस शिलाखंड वर काढण्यात आले, त्यांच्या त्रिमितीय नोंदी करून संगणकावर दीपस्तंभ पुन्हा रचून पाहावा म्हणून. फॉर्स्टरच्या मार्गदर्शिकेत हे असणे शक्यच नव्हते. पण पृष्ठांकांच्या जाळ्यात ते कुठे बसेल हे ती वाचलेल्या कुणालाही सांगता येईल.

पाँपीच्या स्तंभाबद्दल थोडक्यात. सुमारे सत्तावीस मीटर उंचीचा हा ग्रॅनाइटचा स्तंभ सम्राट डायोक्लीशियनच्या सन्मानार्थ उभारलेला आहे. चौथऱ्यावर तसा ग्रीक लेखही आहे. याच सम्राटाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस शहराला वेढा घालून ते नमवले होते. ज्याने नमवले त्याचेच आभार मानणारा हा स्तंभ, आणि वर मध्ययुगीन युरोपीय प्रवाशांनी त्याला चिकटवलेले भलतेच नाव. शेजारी सेरापिसचे मंदिर होते, ते ३९१ मध्ये उद्ध्वस्त झाले. तिथून जवळच कोम अल्-शुकाफाची भुयारी थडगी आहेत. १९०० साली एक गाढव खड्ड्यात पडले आणि त्यांचा शोध लागला. तिथल्या कोरीवकामात इजिप्तचा श्वानमुखी अनुबिस रोमन शिपायाचे चिलखत घालून उभा आहे. फॉर्स्टरला अलेक्झांड्रियाबद्दल जे सांगायला अर्धे पुस्तक लागले ते त्या एका शिल्पात आहे असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

इथवर मी फॉर्स्टरची बाजू घेतली. आता दुसरी बाजू.

साहित्याचा वाचक अलेक्झांड्रियाला निघतो तेव्हा त्याच्याही खिशात यादी असते. काव्हाफीचे घर, ज्या हॉटेलात लॉरेन्स ड्यूरेलच्या 'जस्टिन'मधली पात्रे वावरतात ते सेसिल हॉटेल, फॉर्स्टरची ट्राम. काव्हाफी सिंचन खात्यात कारकुनी करत असे आणि १९२२ पर्यंत त्याने ती केली. हयातभर त्याने विक्रीसाठी असा एकही संग्रह काढला नाही, सुटी पाने छापून मित्रांना वाटली. ज्या घरात त्याची अखेरची वर्षे गेली ते आता संग्रहालय आहे आणि नूतनीकरणानंतर २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले आहे. तिथे जरूर जावे. परंतु तिथून बाहेर पडल्यावर साहित्यिक यात्रेकरू बहुधा एकच तक्रार करतो: ते शहर आता राहिले नाही. ग्रीक गेले, इटालियन गेले, ज्यू गेले. पाच भाषा कानावर पडणारी उपाहारगृहे गेली. उरले ते एक गजबजलेले, कळकट अरबी शहर.

ही तक्रार मला रुचत नाही, आणि तिचे मूळ आपण जी पुस्तके आदराने वाचतो त्यांतच आहे. अरबांनी सातव्या शतकात अलेक्झांड्रिया घेतले त्या प्रसंगी फॉर्स्टर एक प्रसिद्ध उपमा वापरतो: लहान मुलाच्या हाती घड्याळ पडावे आणि त्याने ते मोडावे, तसे झाले. उपमा सुरेख आहे आणि अन्यायकारक आहे. त्यानंतरची बारा शतके त्याच्या इतिहासात भरभर उलटून जातात. ड्यूरेलच्या चतुष्टयात (१९५७ ते १९६०) तर अरबी बोलणारा सामान्य माणूस बव्हंशी पार्श्वभूमीला असतो: नोकर, गर्दी, मिरवणूक. ज्या बहुभाषी शहरासाठी हळहळायचे त्या शहरातही बहुसंख्य लोक अरबीच बोलत होते. फक्त ते पुस्तकात नव्हते. १८८२ च्या जुलैमध्ये ब्रिटिश आरमाराने या शहरावर तोफा डागल्या आणि त्यानंतर जी सत्ता आली तिच्या छायेत ती पंचभाषी उपाहारगृहे बहरली, हेही त्या हळहळीत विसरले जाते. १९५६ च्या २६ जुलैला नासरने सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले ते याच शहराच्या मनशिया चौकात. त्यानंतर परकीय समाज पांगला. त्या पांगण्यात वैयक्तिक दुःखे होती, कित्येकांवर अन्यायही झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो क्षण चौकात जमलेल्या हजारोंच्या दृष्टीने शेवट नव्हता, हे आपल्यासारख्या एकेकाळी गुलाम असलेल्या देशातल्या वाचकाला वेगळे सांगावे लागू नये. तरीही सांगावे लागते, कारण अलेक्झांड्रियाचा विचार करताना आपण नकळत इंग्रज वाचक होतो.

एक उदाहरण पुरेसे आहे. कायतबेच्या किल्ल्याकडे जाताना वाटेत अनफुशी भागात अबुल अब्बास अल्-मुर्सी या तेराव्या शतकातल्या सूफी संताची मोठी मशीद लागते. संत मूळचा स्पेनमधल्या मुर्सियाचा. त्याच मशिदीजवळ त्याचा शिष्य अल्-बुसीरी याची कबर आहे. 'कसीदा बुर्दा' या प्रेषितस्तुतीचा हा कवी. ही रचना सातशे वर्षे मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत आणि आपल्या उपखंडातही पाठ केली जाते, गायली जाते, भिंतींवर कोरली जाते. अलेक्झांड्रियात चिरविश्रांती घेत असलेल्या कवींपैकी सर्वांत जास्त लोकांच्या ओठांवर कोण आहे असे विचारले तर उत्तर काव्हाफी नाही, बुसीरी आहे. साहित्यिक यात्रेकरूच्या यादीत मात्र तो नसतो. बसमधला पर्यटक निदान मशिदीचे छायाचित्र तरी काढतो.

तेव्हा फॉर्स्टरबरोबर आणखी काही पुस्तके पिशवीत हवीत. नजीब महफूझची 'मिरामार' (१९६७) ही त्यातली पहिली. समुद्रकाठच्या एका जुन्या अतिथिगृहात ही कादंबरी घडते. मालकीण मारियाना ही मागे राहिलेली ग्रीक बाई, पाहुणे वेगवेगळ्या पिढ्यांचे आणि पक्षांचे, आणि मोलकरीण जोहरा ही खेड्यातून पळून आलेली शेतकऱ्याची मुलगी. चार पुरुष आपापल्या परीने हीच हकिगत सांगतात. जोहराला निवेदन दिलेले नाही. पण सगळ्यांच्या निवेदनात ती आहे, आणि तिला लिहायला-वाचायला शिकायचे आहे. ड्यूरेल आणि महफूझ यांच्यात जेमतेम दहा वर्षांचे अंतर आहे. समुद्र तोच, रस्ता तोच. पण एकाच्या शहरात जोहराने दार उघडले असते, पेय आणून ठेवले असते आणि ती पुढच्या वाक्यात नाहीशी झाली असती. तौलनिक साहित्याच्या वर्गात ही दोन पुस्तके शेजारी ठेवावीत अशी माझी फार इच्छा आहे. याशिवाय एद्वार अल्-खर्रातचे १९८६ चे पुस्तक आहे, ज्याच्या शीर्षकातच इथली माती केशराची म्हटली आहे. हा लेखक अलेक्झांड्रियातच जन्मलेला कॉप्टिक ख्रिस्ती. आणि इब्राहिम अब्देल मेगीदची 'अलेक्झांड्रियात कुणी झोपत नाही' या अर्थाच्या शीर्षकाची, दुसऱ्या महायुद्धाच्या काळावरची १९९६ ची कादंबरी. दोन्ही इंग्रजी अनुवादात मिळतात.

ही पुस्तके वाचल्यावर स्थळे बदलतात असे नाही. त्याच स्थळी दुसरे काही ऐकू येते. कोम अल्-दिक्काचेच पाहा. १९६० मध्ये इथे इमारतीसाठी टेकाड उकरताना संगमरवरी पायऱ्यांचे रोमन प्रेक्षागृह सापडले आणि यादीत दाखल झाले. पोलिश पुरातत्त्वज्ञांनी पुढे तिथेच वीसहून अधिक व्याख्यानगृहे उजेडात आणली: घोड्याच्या नालेच्या आकारात दगडी बाके, मधोमध उंचावर शिक्षकाचे आसन, आणि समोर एक दगड, ज्यावर उभे राहून विद्यार्थी पाठ म्हणून दाखवत असावा असा तर्क आहे. शिक्षकी पेशातल्या वाचकांनी पाचव्या-सहाव्या शतकातली ही वर्गखोली चुकवू नये. परंतु याच कोम अल्-दिक्काच्या वस्तीत १८९२ मध्ये सय्यद दरवीश जन्मला. आधुनिक अरबी संगीताचा तो जनक मानला जातो. गवंडी म्हणून राबत असताना तो गायचा, हमालांची आणि नावाड्यांची गाणी त्याने रंगभूमीवर आणली, आणि इजिप्तचे आजचे राष्ट्रगीत त्याच्या चालीवर आहे. प्रेक्षागृहाच्या तिकिटावर वस्तीची फेरी येत नाही. फॉर्स्टरने सुचवलेली निरुद्देश भटकंती उपयोगी पडते ती इथे.

नव्या ग्रंथालयाविषयी माझे मत जरा संमिश्र आहे. स्नोहेट्टा या नॉर्वेजियन संस्थेने आखलेली ती समुद्राकडे कललेली प्रचंड तबकडी, अस्वानच्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर कोरलेल्या जगभरच्या लिप्यांतली अक्षरे, आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारे वाचनदालन हे सगळे खरोखर सुंदर आहे. खटकतो तो पुनरुज्जीवनाचा डांगोरा. जुने ग्रंथालय एका रात्रीत जळाले, आणि ते खलिफा उमरच्या हुकमावरून जाळले, ही दंतकथा घटनेनंतर सुमारे सहा शतकांनी प्रथम लिहिली गेली. अभ्यासकांचा कल असा आहे की ते शतकानुशतके अनुदानाअभावी, आस्थेअभावी, अधूनमधूनच्या लढायांनी झिजत गेले. ग्रंथपालांना आणि विद्यापीठातल्या मंडळींना ही कारणे फार परकी वाटू नयेत. नव्या इमारतीत जिवंत काय असेल तर परीक्षेचा अभ्यास करत बसलेली तिथली मुले-मुली. त्यांना टॉलेमीशी काही देणेघेणे नाही, आणि ग्रंथालयाची खरी शान त्यांच्यामुळे आहे.

राहिला समुद्र, ज्याच्यासाठी बहुतेक लोक इथे येतात. काठाचा रस्ता वर्षानुवर्षे रुंद होत गेला आहे, आणि उपाहारगृहे, क्लब, वाहनतळ यांनी कित्येक ठिकाणी रस्त्यावरून समुद्र दिसेनासा केला आहे. स्थानिक लोक याविरुद्ध बोलत आले आहेत. दुसरीकडे तोच समुद्र आत शिरतो आहे. टॉलेमींच्या राजवाड्यांचा भाग भूकंपांनी आणि जमीन खचून पूर्वीच पूर्व बंदराच्या पाण्याखाली गेला. आता किनारा झिजतो आहे, खारे पाणी जमिनीखाली वर चढते आहे, आणि काठालगतच्या इमारती कोसळण्याच्या घटना वाढल्या आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या पडझडीचा संबंध किनाऱ्याच्या झिजेशी जोडून दाखवला. त्या इमारतींत माणसे राहतात. त्यातल्या एखाद्या मजल्यावर मारियानासारखी मालकीण आणि जोहरासारखी मुलगी राहत असेल. त्यांच्या घरांची स्थानपोथी कुणी लिहीत असेल तर ती अरबीत असेल आणि आपल्यापर्यंत पोचायला तिला बराच काळ लागेल.

कायतबेच्या किल्ल्यासमोर टाकलेले ते काँक्रीटचे ठोकळे अजून आहेत. संध्याकाळी त्यांवर गळ टाकून माणसे बसतात. त्यांच्या पायांखाली पाण्यात दीपस्तंभाचे दगड आहेत हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक असते. विचारले तर ती जागा बोटाने दाखवतात आणि पुन्हा गळाकडे पाहू लागतात.